शेळीचा आडवा डोळा आणि तीन पायांचं करडू : फार्मच्या पासवर काढलेले आठ महिने

पहिल्या दिवशी आईने फाटकातच विचारलं, "म्हणजे आता गोठा बघायलाही तिकीट?" तिचं लहानपण गुरांच्या शेपटीचे फटके खात गेलं, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. आम्ही तर तिकिटावरही थांबलो नव्हतो, थेट वर्षाचा पास काढला होता. आम्ही दोघं, नऊ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि आई. आता आठ महिने झाले, अकरा फेऱ्या झाल्या. शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, बदकं, ससे, एक म्हातारं गाढव आणि शेजारच्या शेडमध्ये माती, रंग आणि लोकरीचं काम, असा तो सगळा मामला आहे.

पहिल्या दोन फेऱ्या वायाच गेल्या म्हणा ना. सगळं बघून झालं पाहिजे म्हणून आम्ही सशांकडून गाढवाकडे आणि गाढवाकडून मातीच्या टेबलाकडे नुसते धावत होतो. शेडमध्ये मुलांच्या हातात साचे दिले. साच्यात माती दाबा, काढा, रंगवा, घरी न्या. वीस मिनिटांत काम फत्ते. घरी आलेलं ते मातीचं बदक कुठल्याही दुकानात मिळालं असतं. परतताना थोरली म्हणाली, "पुढच्या वेळी नाही आलो तरी चालेल." पासाचे पैसे माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागले.

तिसऱ्या वेळी पाऊस होता, गर्दी नव्हती. शेडमधल्या ताईंनी साचे बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "आधी शेळी काढून दाखव, मग माती देते." थोरलीने काढली. तिच्या शेळीचे डोळे गोल, माणसासारखे. ताईंनी काहीच चूक काढली नाही, फक्त म्हणाल्या, "जाऊन एकदा बघून ये." पोरगी कुंपणाशी गेली आणि तिथेच रुतली. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, चौकोनी फटीसारखी. हे आईलाही ठाऊक नव्हतं, एवढी वर्षं गुरांत काढून! मग थोरलीने आणखी एक गोष्ट हेरली. शेळी मान खाली घालून चरत होती तरी ती फट उभी होत नव्हती, जमिनीला आडवीच राहत होती. मान झुकली की डोळा खोबणीत तेवढाच उलटा फिरतो. चरता चरताही सगळ्या बाजूंनी कोण येतंय ते दिसत राहावं, म्हणून ही सोय. खात्री करून घ्यायला पोरगी चिखलात पालथी पडली. कपड्यांचं काय झालं ते सांगत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला : एका फेरीत एकच प्राणी, आणि शेडमध्ये जायचं ते त्याला तासभर बघून झाल्यावरच.

धाकट्याला चित्रांशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त चारायचं असतं. पहिल्यांदा त्याने बोटांच्या चिमटीत पाला धरला आणि बोटांसकट गेला असता. तळहात सपाट ठेवायचा, अंगठा चिकटवून, हे आईने शिकवलं. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, नुसती टणक हिरडी असते, हे त्याला हातावरून कळलं, कारण ती ओठांनीच पाला उचलते. "आजी, हिचे पण दात पडले," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. आई दिवसभर गप्प होती.

खरी मजा पाचव्या महिन्यात आली. एक कोंबडी खुडूक झाली होती, खुराड्यातून उठायलाच तयार नाही. तिच्याखाली नऊ अंडी ठेवलेली. आठव्या दिवशी तिथल्या दादांनी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, मधोमध एक ठिपका हलतोय. दोन अंडी नुसतीच स्वच्छ उजळली, म्हणजे ती वांझ. शेडमध्ये त्या दिवशी मुलांनी काळ्या कागदावर लाल शाईने त्या शिरा काढल्या. थोरलीचा तो कागद अजून फ्रीजवर आहे. एकविसाव्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा एक पिल्लू कवचातून अर्धं बाहेर होतं, ओलं आणि खरं सांगायचं तर भयानक दिसणारं. धाकटा म्हणाला, "हे बिघडलंय." तासाभरात ते वाळून पिवळा गोळा झालं. पास काढला नसता तर एकाच कोंबडीचे दोन दिवस असे गाठताच आले नसते.

आता तक्रारी. त्याही बऱ्याच आहेत.

सगळ्यात मोठी तक्रार हात धुण्याची. पूर्ण आवारात एकच नळ आहे आणि तीनदा साबणाची बाटली रिकामी निघाली. शेजारी सॅनिटायझर ठेवून दिलेलं असतं, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या, जुलाब लावणाऱ्या जंतूंवर त्याचा उपयोग होत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं. जनावर ठणठणीत दिसत असलं तरी त्याच्या शेणातून असे जंतू, ई. कोलायचे वाईट प्रकारही, हाताला लागू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वयस्करांना त्याचा धोका जास्त, आणि आमच्यात दोन्ही आहेत. मी लेखी कळवलं. उत्तर गोड आलं, नळ मात्र एकच राहिला. आता साबणाची वडी घरून नेतो आणि खाण्याचा डबा गाडीतच ठेवतो.

दुसरी तक्रार सशांची. सुरुवातीला मुलांना ससे उचलून कडेवर घेऊ द्यायचे, फोटोसाठी. सशाला जमिनीवरून उचलणं म्हणजे त्याच्या लेखी शिकाऱ्याने पकडणं. घाबरून मागचे पाय जोरात झाडले तर त्याचं स्वतःचंच पाठीचं हाड मोडू शकतं. चौथ्या महिन्यात त्यांनी हा प्रकार बंद केला आणि दोन्हीकडून उघडी खोकी ठेवली. वाटलं तर ससा बाहेर येतो, नाहीतर नाही. आता मुलं जमिनीवर बसून वाट बघतात. फोटो कमी येतात, ससे जास्त. सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊच नका. विकत मिळणाऱ्या चाऱ्याच्या पुड्या खाऊन दुपारपर्यंत शेळ्यांची पोटं टम्म होतात आणि त्या कुणाकडे बघतही नाहीत.

शेडमधलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. मेंढीच्या लोकरीचे गोळे झकास होतात : गरम पाणी, साबण आणि चोळत राहणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट होत जाते. धाकटाही त्यात अर्धा तास रमला, हा आमच्या घरातला विक्रम आहे. पण रंगकामाच्या दिवशी हळदीत रुमाल रंगवून दिला आणि पुढचं काही सांगितलं नाही. घरी मी तो साबणाने धुतला आणि पिवळ्याधमक रुमालाचा विटकरी लाल झाला. पोरगी रडायच्या बेतात. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याने हळद लाल होते. लिंबू पिळल्यावर पिवळा परत आला, तेव्हा रडणं राहिलं बाजूला आणि बाईसाहेबांनी अख्खी संध्याकाळ लाल-पिवळा खेळत काढली. दोरीवर वाळत घातल्यावर उन्हाने तो रुमाल आठवड्यात फिका पडला. कांद्याच्या सालींचा, तुरटी घालून केलेला रुमाल अजून तसाच आहे.

आणि ते करडू. थोरलीने चार फेऱ्यांत मिळून मातीचं करडू घडवलं, आडव्या बाहुल्यांसकट. पाय भरीव आणि जाड ठेवले, उभं राहावं म्हणून. जाड मातीच्या पोटात ओल राहते आणि भट्टीत तिची वाफ होऊन माती फुटते. ताईंनी पोट कोरून घ्यायला लावलं होतं, पायांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी हातात आली, त्यात करडू, तीन पाय आणि चौथ्याचा चुरा. आकारही आक्रसून जवळपास दहावा हिस्सा कमी झालेला. मी डिंक आणायला निघाले तर पोरगी म्हणाली, राहू दे, हे बसलेलं आहे असं समजू.

पास अजून चार महिने आहे. ज्या करडाला बघून ते घडवलं, त्याला आता बोटभर शिंगं आलीत आणि ते धाकट्याला ढुशी मारतं. आई हल्ली आदल्या रात्रीच साबणाची वडी पिशवीत टाकून ठेवते.