आप्पांची अँजिओप्लास्टी आणि 110 रुपयांचं भस्म

मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, दिवसभर प्लास्टिकच्या दाण्याचं वजन किलोत, टनात बघत असतो, आणि तरी ग्रॅमच्या भावात फसलो. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

आप्पा 63 वर्षांचे, गाव अमळनेरकडे, घरची दादर ज्वारी-कापसाची शेती. जानेवारीत अटॅक आला, जळगावला आणलं, अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या नळीत एक स्टेंट (जाळी) टाकला. डिस्चार्जला डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज सपाट रस्त्यावर चालायचं, आधी दहा मिनिटं मग हळूहळू अर्धा तास, वजन उचलायचं नाही, मीठ-तेल कमी, तंबाखू बंद. हे सगळं तीन-चार मिनिटांत सांगून झालं कारण बाहेर चाळीस पेशंट बसलेले. डॉक्टरांची चूक म्हणत नाही मी, पण आप्पांच्या डोक्यात प्रश्न तसेच राहिले, आणि पुढे जो भेटला त्याने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले.

मार्चमध्ये चेकअपला आलो होतो. चेकअप झालं, आप्पांना चहाच्या टपरीवर बसवून मी मेडिकलमध्ये गोळ्या घ्यायला गेलो, परत येतो तर त्यांच्याजवळ पन्नाशीचा एक माणूस, पांढरा सदरा, मोटरसायकल बाजूला. आप्पांच्या मांडीवरची फाईल बघूनच तो आला असणार, हे आता कळतं. तो म्हणे, "दादा, स्टेंट टाका का? किती दिन व्हयनात? मना बापले बी हाईच व्हयनं व्हतं, आते वावरमा औत हाकस." म्हणजे त्याच्या बापालाही हेच झालं होतं, आता शेतात औत हाकतो. झालं, आप्पा खुलले. तीन महिन्यांत त्यांच्याशी आजाराबद्दल अहिराणीत कोणी बोललंच नव्हतं.

त्याने एक रुपया मागितला नाही हे लक्षात ठेवा. उलट म्हणाला मी वैद्य नाही, कागदावर नावं लिहून देतो, कुठल्याही दुकानात घ्या. अर्जुनाची साल, पुष्करमूळ, दालचिनी, आणि खाली दोन भस्मांची नावं जी मी कधी ऐकली नव्हती. मग गाडीला किक मारता मारता, "ही खालची दोन सगळीकडे भेसळीची मिळतात, तोरणमाळच्या जंगलातला खरा माल एकाच दुकानात, चला दाखवतो."

दुकान गल्लीत, वर पाटी फक्त जडीबुटीची, नावबिव काही नाही. मी भाव विचारला, दुकानदार म्हणाला एक भस्म एकशेदहा, दुसरं सत्तर. मला वाटलं पुडीचा भाव. "किती दिवसांचं देऊ, शंभर?" मी हो म्हणालो, मला वाटलं दिवस. त्याने शंभर शंभर ग्रॅम काट्यावर टाकलं, सालीत मिसळलं आणि बिल सांगायच्या आधीच सगळं मिक्सरमध्ये फिरवलं. मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला, 19,400. एकशेदहा रुपये ग्रॅमचा भाव होता! मी म्हटलं नको, तो म्हणे दळलेला माल परत होत नाही, आणि बाजूला दोन पोरं येऊन उभी राहिली. आप्पांना धाप लागायला लागलेली, त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणून 11,000 स्कॅन केले, 8,400 बाकी ठेवले. बिल म्हणजे वहीचा चिटोरा. पुडीवर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना तारीख.

पैशाचं दुःख आठवडाभरात गेलं असतं. पण मी पैसे देत होतो तेव्हा त्या मोटरसायकलवाल्याने आप्पांच्या कानात सांगितलं होतं की रक्त पातळ करायची गोळी आणि हे औषध एकत्र चालत नाही, गोळी बंद करा. आप्पांनी ऐकलं आणि आम्हाला सांगितलं नाही. बायकोने पुढच्या गोळ्या मागवायला डबा उघडला तर एक अख्खी पट्टी आणि वर दोन गोळ्या जास्त. बारा दिवस क्लोपिडोग्रेल, म्हणजे तीच रक्त पातळ करायची गोळी, घेतलीच नव्हती!

लगेच पळत डॉक्टरांकडे. ते चिडले, पण त्या दिवशी नीट वेळ देऊन समजावलं. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते, ती झाली की नळी एकदम बंद आणि पुन्हा अटॅक, म्हणून अटॅकनंतर ह्या गोळ्या साधारण वर्षभर, स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद नाही. आमचं नशीब, ईसीजी ठीक निघाला. मी घाबरत घाबरत अर्जुनाचं विचारलं, आमच्याकडे साल उकळून पितातच लोक. ते म्हणाले त्यावर छोटे छोटे अभ्यास झालेत, स्टेंटच्या गोळीची जागा ते घेत नाही, पण घेताय तर लपवू नका, कारण लसणाच्या कॅप्सूलसारख्या गोष्टींनी या गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढू शकतो, ज्येष्ठमध जास्त झालं तर बीपी चढतं. पुडी बघून मात्र मान हलवली, यात काय आहे सांगताच येत नाही म्हणे. नंतर मी वाचलं, अमेरिकेत बोस्टनमध्ये दुकानातून घेतलेली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली होती, 2004 मध्ये ते छापून आलं, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. ती तर पॅकबंद होती, आमचं मिक्सरमधलं.

पोलिसात अर्ज दिला, अन्न व औषध प्रशासनाकडेही दिला, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवलं. हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, पण कानात सांगितलेली जाहिरात दाखवणार कशी? तुमच्यासोबत असं झालं तर दळण्याआधी काटा थांबवा, भाव ग्रॅमचा की पुडीचा ते मोठ्याने विचारा, आणि पेशंटला टपरीवर एकटं बसवू नका.

आप्पा आता मेहरूण तलावाला पंचवीस मिनिटं चालतात, गोळी आई हातावर देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. तरी परवा म्हणाले, माणूस वाईट वाटला नाही रे.

मागच्या आठवड्यात दुकानातून फोन आला, बाकीचे 8,400 कधी देता. म्हटलं घरी या, पक्कं बिल घेऊन या, चहा पण घ्या. तेव्हापासून नंबर बंद आहे.