सिंकगार्स: रेडिओ दणकट, पण घड्याळ चुकलं की मुका

सिंकगार्स हा अमेरिकी लष्कराचा व्हीएचएफ रेडिओ १९८०च्या दशकाच्या अखेरीस सैनिकांच्या पाठीवर चढला, तो अजून पुरता उतरलेला नाही. कंत्राट १९८३ मध्ये आयटीटीला मिळालं. पुढे कंपनीचा संरक्षण विभाग एक्झेलिस या नावाने वेगळा झाला, मग तो हॅरिसमध्ये गेला आणि आता एल३हॅरिसमध्ये आहे. इतक्या पाट्या बदलल्या, पण सेटचा मूळ विचार तोच राहिला. इथे परीक्षण आहे ते आरटी-१५२३ मालिकेचं, म्हणजे पाठीवर घेतला की ज्याला एएन/पीआरसी-११९ म्हणतात त्याचं.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्र म्हणून सेट फार चांगला आहे. पण त्याच्या सुरक्षेचा मोठा भार घड्याळावर आणि किल्ल्यांवर (सेटमध्ये भरायच्या गुप्त संकेतांवर) आहे, आणि तो भार वापरणाऱ्यालाच उचलावा लागतो. हे ज्या तुकडीला उमगलं, तिच्या हातात हा सेट भिंतीसारखा उभा राहतो. ज्यांना नाही उमगलं ते दोन दिवसांत सगळं बंद करून उघड्यावर बोलायला लागतात.

सेट ३० ते ८७.९७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. २५ किलोहर्ट्झच्या अंतराने मोजले तर २,३२० चॅनेल होतात. हॉपिंग चालू केलं की तो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो. बदलण्याचा क्रम चार गोष्टींवर ठरतो: कोणत्या फ्रिक्वेन्सी वापरायच्या ती यादी (हॉपसेट), त्यातल्या कोणत्या वगळायच्या ती यादी (लॉकआउट), ट्रान्सेक किल्ली (हॉपिंगची गुप्त किल्ली) आणि तीन आकडी नेट क्रमांक (नेट म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या सेटचा गट). पाचवी गोष्ट वेळ. सगळं बरोबर भरलं आणि वेळ चुकली, तरी सेट ठार बहिरा.

बहिरा म्हणजे नेमकं काय, ते समजून घेतलं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. खरखर नाही, तुटक आवाज नाही, काही नाही. समोरचा बोलत नाहीये की आपल्याला ऐकू येत नाहीये, हे कानाला कळायला मार्गच नसतो. नेटवर शांतता आहे असं समजून माणूस निवांत बसतो आणि तिकडे त्याचंच नाव घेऊन हाका चाललेल्या असतात. म्हणून ठरलेल्या वेळेला रेडिओ चेक घ्यायचाच, कितीही कंटाळा आला तरी.

नेटवरच्या सगळ्या सेटची वेळ नेट कंट्रोलच्या, म्हणजे नेट चालवणाऱ्या मुख्य सेटच्या, वेळेच्या चार सेकंद मागेपुढे असावी लागते. फरक चार सेकंदांहून जास्त पण एका मिनिटाच्या आत असेल, तर उशिरा प्रवेशाची सोय आहे. तसा हुकूम दिला की सेट गप्प ऐकत राहतो आणि नेटवर कोणी बोललं की त्याला चिकटतो. मिनिटाच्या पलीकडे गेलात तर क्यू फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे हाकेसाठी राखलेल्या एका फ्रिक्वेन्सीवर, जाऊन नेट कंट्रोलला हाक मारायची. त्याच्या खिडकीत (डिस्प्लेवर) इशारा उमटतो आणि तो हवेतूनच वेळ नि हॉपसेट पाठवतो. क्यूवरचं बोलणं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतं, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही शत्रूला सोपे. जो सेट दिवसातून तीनदा क्यूवर जातो, त्याची वेळ कोण लावतंय ते आधी बघा.

वेळ लावताना दोन चुका हमखास होतात. पहिली, स्थानिक वेळ भरणे. नेट झुलू वेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर चालतं. आपल्या घड्याळाशी साडेपाच तासांचा फरक म्हटला की किती मोठी चूक आहे ते लक्षात येईल. दुसरी चूक तारखेची. सेटला वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे लागतात. २ सप्टेंबर हा लीप नसलेल्या वर्षाचा २४५वा दिवस, तर भरायचे ४५. महिन्याची तारीख भरली की संपलं. नंतरच्या सेटना जीपीएसमधून केबलने वेळ घेता येते. ती सोय हाताशी असेल तर हाताने वेळ भरूच नका.

आणखी एक गोष्ट: नेटवर मास्टर, म्हणजे ज्याच्या घड्याळाला बाकीचे जुळतात तो सेट, एकच. मोडच्या बटणावर साधं हॉपिंग आणि मास्टर हॉपिंग अशा वेगळ्या जागा आहेत. मास्टर जागा फक्त नेट कंट्रोलची. दुसऱ्याने चुकून तिथे बटण नेलं की दोन घड्याळं एकमेकांशी भांडायला लागतात आणि अर्धे सेट एकीकडे, अर्धे दुसरीकडे ओढले जातात.

आता किल्ल्या. केवायके-१३ या किल्ल्या भरायच्या जुन्या यंत्रात सहा किल्ल्या मावतात. एकेक चॅनेलला एकेक भरत बसायचं, एक जागा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. नंतरचं एसकेएल यंत्र किल्ल्या, हॉपसेट, नेट क्रमांक असा सगळा ऐवज एका दमात ओततं. जोडणी त्याच सहा पिनांच्या सॉकेटमधून होते जिथे हँडसेट लागतो. भरणं अर्ध्यात अडकलं तर आधी तो सॉकेट पुसा. पिनांवर धूळ किंवा घामाचं मीठ बसलेलं असतं आणि दोष विनाकारण यंत्राला दिला जातो.

त्याच सेटवरचं एक बटण जवळून पाहण्यासारखं आहे. मुख्य फंक्शन बटणावर ऑफ आणि स्टँडबाय शेजारी शेजारी आहेत. स्टँडबायला नेलं की सेट झोपतो, पण आतली छोटी बॅटरी स्मरण धरून ठेवते. ऑफला नेलं की ती छोटी बॅटरीही तुटते आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. ऑफ ही जागा सेट बरेच दिवस कपाटात ठेवायचा असेल तेव्हाची. म्हणूनच तिथे जाताना बटण बाहेर ओढून मगच फिरवावं लागतं. बोटांना तेवढा अडथळा जाणवावा, हा हेतू. तरीही थकलेला माणूस घरातला पंखा बंद करावा तसं ते ओढून फिरवतो, आणि पहाटे तुकडीत एक सेट रिकामा निघतो. मुख्य बॅटरी बदलतानाही आधी स्टँडबाय, मगच बॅटरी बाहेर. सगळं मुद्दाम पुसायची जागा वेगळी आहे, झेड-ए. सेट शत्रूच्या हाती पडेल असं दिसलं तर ती जागा डोळे मिटून सापडली पाहिजे. याचा सराव खरोखर डोळे बांधून करावा.

हॉपिंग म्हणजे गुप्तता, हा गैरसमज अजून फार पसरलेला आहे. हॉपिंगमुळे ऐकणं आणि जॅम करणं अवघड होतं. बोलण्याला कुलूप लागतं ते कॉमसेक (बोलण्याच्या गुप्ततेचं) बटण सीटीवर, म्हणजे सायफर टेक्स्टवर असेल तेव्हाच. तेच बटण पीटीवर, म्हणजे उघड्या बोलण्यावर राहिलं तर सेट हॉप करत राहील, खिडकीत सगळं व्यवस्थित दिसेल, पण आवाज उघडाच जाईल. जुन्या आरटी-१४३९ मध्ये कुलूप आत नव्हतंच, केवाय-५७ नावाचा वेगळा डबा जोडावा लागे. आरटी-१५२३ मध्ये ते आत आलं, ही या मालिकेतली सगळ्यात मोलाची सुधारणा. ओझं कमी झालं, आणि डबाच जोडला नाही म्हणून उघडं बोललो हे कारण संपलं.

कुलूप लावून बोलताना हँडसेटचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं. आवाजाचे सेकंदाला १६ किलोबिटचे आकडे करून ते कुलपात घालण्याआधी दोन्हीकडचे सेट जुळावे लागतात. घाई केली तर पहिला शब्द गळतो. इंग्रजीत ‘डोन्ट मूव्ह’मधला ‘डोन्ट’ गळला तर उरलेल्या हुकमाचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. मराठीत नकार शेवटी येतो म्हणून आपण वाचलो असंही नाही, कारण बटण लवकर सोडलं की शेवटचा शब्द जातो.

शत्रूला बोलणं कळलं नाही तरी तुम्ही कुठे आहात ते कळू शकतं. दिशा शोधणाऱ्या यंत्रांना किल्ली लागत नाही, रेडिओ लहरी हवेत असल्या की त्यांचं काम झालं. म्हणून पॉवरचं बटण हे सुरक्षेचंच बटण समजावं. एलओ (कमी) जागेवर पल्ला २०० ते ४०० मीटर, एम (मध्यम) जागेवर ५ किलोमीटरपर्यंत, एचआय (जास्त) जागेवर ५ ते १० किलोमीटर आणि गाडीतल्या ५० वॉटच्या अॅम्प्लिफायरसह पीएवर १० ते ४० किलोमीटर. शेजारच्या टेकडीवरच्या माणसाशी बोलायला एचआय लागत नाही. पण सेट हातात आला की बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवायचं, ही सवय जगभर सारखीच आहे. कमी पॉवर, थोडकं बोलणं आणि बोलून झाल्यावर जागा बदलणं, एवढं पाळलं तरी शोधणाऱ्याचं काम बरंच अवघड होतं.

अँटेनाबद्दल फार लिहायला नको. आखूड व्हिप (काठीसारखी लवचिक अँटेना) चालताना, लांब व्हिप थांबल्यावर, आणि तळावर ओई-२५४. ही सुमारे दहा मीटरच्या खांबावर चढते आणि पल्ल्यात जमीनअस्मानाचा फरक पाडते, पण तीच लांबून नजरेलाही दिसते. विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब उभारा. एकाच गाडीत दोन-तीन सेट असतील तर एक बोलायला लागला की बाकीचे दडपले जातात. अँटेना जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवा.

बॅटरी मात्र गांभीर्याने घ्यायची. बीए-५५९० ही लिथियम-सल्फर डायऑक्साइडची, सुमारे एक किलो वजनाची आणि एकदाच वापरायची बॅटरी. ती चार्ज करायचा प्रयत्न कधीही करू नये. फुसफुस आवाज आला, गरम लागली किंवा उग्र वास आला तर सेट बंद करून माणसांना लांब न्यायचं. बाहेर पडणारा वायू फुप्फुसांना जाळतो. सरावासाठी पुन्हा चार्ज होणारी बीबी-२५९० घ्यावी, पैसाही वाचतो. मालिकेतल्या नंतरच्या, एएसआयपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेटमध्ये आकार आणि वजन जवळपास निम्म्यावर आलं. पाठीवर वाहणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी कुठलीही सुधारणा याच्या जवळपास जात नाही.

एवढी कटकट कशाला, दोन-तीन हजारांत बाओफेंग मिळतो की, असा प्रश्न हमखास येतो. यूव्ही-५आर हा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर चालणारा साधा अॅनालॉग एफएम सेट आहे. त्याच्या मेनूमधल्या सीटीसीएसएस टोनला अनेक विक्रेते ‘प्रायव्हसी’ म्हणतात, ते साफ चूक आहे. तो टोन फक्त तुमच्या स्पीकरला इतरांचं बोलणं ऐकू देत नाही. तुमचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातच राहतं. २०२२ मध्ये युक्रेनवर चालून गेलेल्या रशियन तुकड्यांच्या हातात असे उघडे सेट होते आणि त्यांचं बोलणं हौशी लोकांनी घरबसल्या ध्वनिमुद्रित केलं. स्वतःकडे आझार्टसारखा हॉपिंग करणारा सेट असलेल्या सैन्याची ही गत झाली. चांगला सेट गोदामात असणं आणि तो वेळ लावून, किल्ली भरून माणसाच्या पाठीवर असणं, यातलं अंतर तिथे फार महाग पडलं. (सह्याद्रीत ट्रेकला यूव्ही-५आर नेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: आपल्याकडे कमी शक्तीच्या हातसेटना परवान्याशिवाय मोकळा पट्टा आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा.)

परदेशात राहणारे काही मराठी हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) जुने सिंकगार्स हौसेने घेतात, त्यांच्यासाठी थोडं. बाजारात मोकळेपणी फिरतो तो कुलूप नसलेला आरटी-१४३९. आरटी-१५२३ मधला गुप्ततेचा भाग नियंत्रित वस्तू आहे. कोणी तो चालू अवस्थेत देतो म्हणाला तर तिथून निघून या. सहा मीटरच्या हॅम पट्ट्यात सेट छान चालतो, ५२.५२५ ही अमेरिकेतली एफएमची हाकेची फ्रिक्वेन्सी त्याच्या २५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बरोबर बसते. समोरच्याने १५० हर्ट्झचा टोन पाठवला नाही तर स्क्वेल्च (स्पीकरचा आवाज रोखून धरणारी सोय) उघडणार नाही, म्हणून बटण स्क्वेल्च ऑफवर ठेवा. पैसे देण्याआधी सेट चाचणीच्या जागेवर नेऊन खिडकीत ‘गुड’ उमटतं का ते पाहा, खिडकीतल्या अक्षरांच्या सगळ्या रेघा पेटतात का ते पाहा, आणि बॅटरीची पेटी उघडून आत हिरवा गंज शोधा. पेटी उघडू न देणाऱ्याकडून सेट घेऊ नका.