हायड्रोपोनिक्सचं खत: तयार ए-बी घ्यावं की स्वतः मिसळावं?

मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर भाजी वाढवायची (हायड्रोपोनिक्स) आणि गच्चीवरची टाकी 50-100 लिटरची असेल, तर तयार ए-बी द्रावण (दोन वेगळ्या कॅनमध्ये येणारं घट्ट खत) घ्या आणि वाचलेला वेळ ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, mS/cm मध्ये) व पीएच मीटर नीट वापरायला शिकण्यात घाला. टाकी 500 लिटरच्या वर गेली, पालक-लेट्यूस विकायचा विचार असेल, तर मात्र स्वतः मिसळणंच परवडतं. तयार द्रव खतात बहुतांश पाणी असतं आणि त्याचेही पैसे आपणच मोजतो. मधल्या मापाला तयार पावडर बरी.

ऊस-द्राक्षाच्या ठिबकमुळे कोल्हापूर-जयसिंगपूर-सांगलीकडच्या कृषी सेवा केंद्रांत लागणारा बराचसा माल मिळतो. पालेभाजीसाठी 1000 लिटरचं माप असं:

ए कॅन (10 लिटर): कॅल्शियम नायट्रेट 800 ग्रॅम, 12 टक्के लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं रूप) 17 ग्रॅम.
बी कॅन (10 लिटर): 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) 400 ग्रॅम, 00:52:34 (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) 200 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 400 ग्रॅम, बोरिक अ‍ॅसिड 2 ग्रॅम, मँगनीज सल्फेट 1.5 ग्रॅम, झिंक सल्फेट 0.9 ग्रॅम, मोरचूद 0.2 ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट 0.1 ग्रॅम.

शेवटच्या चार-पाच वस्तूंना 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. किराणा तोलायचा काटा इथे कामाचा नाही. टाकीत दर लिटरला दोन्ही कॅनमधून 10-10 मिली घातलं की पाण्याच्या मूळ ईसीत साधारण 1.8 ते 2 ची भर पडते. लेट्यूसला हे जास्त होतं, त्याला 1.2 ते 1.6 वर थांबा. पालकाला पूर्ण मात्रा चालते. आधी ए टाकून ढवळा, मग बी. दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकत्र केलीत तर कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडून तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पुन्हा विरघळत नाही, म्हणजे खत वाया.

दुकानात चुका होतात त्या तीन. पहिली, 19:19:19. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो. मातीत तो जिवाणू फोडतात, पाइपमध्ये ती सोय नाही. शिवाय युरिया ईसी मीटरला दिसतच नाही. दुसरी, बोरॉनयुक्त कॅल्शियम नायट्रेट. त्यात बोरॉन 0.3 टक्के असेल तर वरच्या मापाने पाण्यात 2.4 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) बोरॉन जातं आणि पानांच्या कडा करपतात. गरज असते 0.3-0.5 ची. पोत्यावरचं बारीक अक्षर वाचा. तिसरी, फवारणीचं ग्रेड 2 मायक्रोन्यूट्रियंट. त्यात लोहापेक्षा जस्त जास्त असतं, आपल्याला उलट हवं.

तयार खताची खरी अडचण पाण्यापाशी येते. त्याचं सूत्र ठरलेलं, पाणी मात्र तुमचं. शिरोळ पट्ट्यातल्या खारट बोअरवर आणि पन्हाळ्याकडच्या पावसाच्या पाण्यावर एकच बाटली सारखी कशी चालेल? स्वतः मिसळणाऱ्याला बदल करता येतो: पाण्यात कॅल्शियम 60 पीपीएम निघालं तर 100 लिटरमागे कॅल्शियम नायट्रेट 30 ग्रॅमनी कमी करा. त्यात घटणारा नत्र काही अंशी पीएच उतरवायला वापरलेल्या नायट्रिक आम्लातून भरून निघतो. बोअरची ईसी 0.8 च्या वर असेल तर आधी पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा. खत बदलून तो प्रश्न सुटत नाही.

पीएच 5.5 ते 6.5 ठेवा. 6.5 च्या वर ईडीटीए लोह साथ सोडतं: नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. पीएच रोज वर सरकत असेल तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट घ्या, महाग पडलं तरी. लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो, पण दोन दिवसांत परत चढतो, कारण जिवाणू ते खाऊन टाकतात. फॉस्फोरिक किंवा नायट्रिक वापरताना हातमोजे-चष्मा घाला आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही.

सेंद्रियवाले शेण-गोमूत्र-गुळाचं जीवामृत सुचवतात. गूळ आपल्याकडे मुबलक आहे, पण टाकीत तो जिवाणूंचं पोट भरतो. ते प्राणवायू ओढून घेतात आणि मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात. शिवाय ड्रिपर चोंदतात. जीवामृत कुंडीत किंवा वाफ्यात घाला.

रोजचं व्यवस्थापन मात्र दोन्ही पद्धतींत सारखंच. टाकीतलं पाणी उतरून ईसी चढली तर नुसतं पाणी घाला, एप्रिल-मे महिन्यांत बहुधा हेच करावं लागतं. ईसी उतरली तर ए-बी समान घाला. दोन-तीन आठवड्यांनी टाकी रिकामी करून जुनं पाणी कुंड्यांना द्या. झाडं सगळी अन्नद्रव्यं सारख्या वेगाने उचलत नाहीत आणि ईसी मीटर फक्त बेरीज दाखवतो.

जुलै-ऑगस्टमध्ये लेट्यूसची कोवळी आतली पानं कडेने काळी पडली की लोक कॅल्शियम वाढवतात. बहुतेक वेळा ते पाण्यात भरपूर असतं. दमट हवेत पान पाणीच ओढत नाही, म्हणून पोचत नाही. पंखा लावा, ईसी थोडी उतरवा. आणि त्याच दिवसांत कॅल्शियम नायट्रेटची उघडी पिशवी हवेतला ओलावा ओढून चिखल होते. मग वजनात पाणीही तोललं जातं आणि माप चुकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, किंवा पावसाळ्याआधीच सगळ्याचं ए द्रावण करून काळ्या कॅनमध्ये भरून टाका.