सारायेव्होतलं पितळी नळकांडं

बोस्नियाची राजधानी सारायेव्होला जाणार असाल आणि तोफगोळ्याच्या नळकांड्यावर नक्षी कोरलेली फुलदाणी तिथून आणायचं मनात असेल, तर आधी माझं ऐका. आमचे तीनशे युरो गेले.

मी आणि ताई गेलो होतो. पहिल्या दिवशी बोगदा पाहिला. बोस्नियाच्या युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यात अडकलेल्या लोकांनी १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून तो खणला. सुमारे ८०० मीटर लांब होता, त्यातला थोडासाच भाग आता वाकून चालत पाहता येतो. पीठ, औषधं, जखमी माणसं, सगळं याच वाटेने गेलं. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, तब्बल १४२५ दिवस वेढा होता. गोळे फुटून रस्त्याला पडलेल्या खुणा काही ठिकाणी लाल राळेने भरल्या आहेत, त्यांना 'गुलाब' म्हणतात. अशा गुलाबावर आपला पाय पडला हे कळलं की चर्र होतं. ताई तर दुपारपासून गप्पच होती.

संध्याकाळी लॅटिन पुलापाशी तो भेटला. पन्नाशीचा, नीटनेटका, इंग्रजी चांगलं. "इंडिया?" म्हणाला, विचारपूस केली आणि बाश्चार्शिया या जुन्या बाजाराच्या मागच्या चढावरच्या एका घरात कॉफीला घेऊन गेला. बाहेर पाटी नाही, काही नाही. कॉफी झाल्यावर कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं नळकांडं काढलं. हातभर उंच, अंगावर वेलबुट्टी आणि मशिदीचे मिनार. "५ फेब्रुवारी १९९४ ला मार्कालेच्या बाजारात गोळा पडला. ६८ माणसं गेली, त्यात माझा भाऊ. त्याच गोळ्याचं हे नळकांडं. वडिलांनी वर्षभर बसून त्यावर काम केलं." भावाचं नाव सांगताना त्याचे डोळे भरून आले. आता आईच्या ऑपरेशनसाठी विकायचं होतं म्हणे.

किंमत सांगितली, "तीनशे." आम्ही मार्क समजलो. तिथलं चलन मार्क आहे आणि युरोला १.९५५८३ मार्क हा दर ठरलेला आहे, म्हणजे साधारण १५३ युरो. वस्तू बांधून हातात दिल्यावर तो म्हणाला, "युरो." मी थांबले. ताई म्हणाली, "अगं, देऊन टाक. त्याचा भाऊ गेलाय, आपण काय घासाघीस करायची?" दिले. पावती मागायचीही लाज वाटली.

मी कसबा पेठेत, तांबट आळीच्या ठोक्यांत वाढलेली मुलगी. भांडं घेताना आतून बोट फिरवून सांधा बघायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण समोर माणूस भावासाठी रडतोय आणि आपण त्याच्या वस्तूत बोट घालून तपासायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. तो नेमका त्यावरच जगतो.

दुसऱ्या दिवशी कझांजिलुक या तांबटांच्या गल्लीत गेलो. तोच आवाज, जिवाला बरं वाटलं. एका म्हाताऱ्या कारागिराला कौतुकाने नळकांडं दाखवलं. त्याने ते उलटं केलं, आत बोट घातलं आणि माझं बोट धरून त्याच जागी टेकवलं. झाळलेला सांधा लागला, वरपासून खालपर्यंत. पत्रा वळवून केलेलं होतं. खऱ्या नळकांड्याला सांधा नसतो, बूड जाड आणि जड असतं, मधे दारू पेटवणाऱ्या टोपीचं भोक आणि भोवती ठोकलेले आकडे असतात. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. नळकांडं तोफेपाशीच पडतं, गोळा जिथे फुटतो तिथे ते कधीच येत नाही. आणि मार्कालेवर पडला तो उखळी तोफेचा गोळा होता, त्याला असलं पितळी नळकांडं मुळात नसतंच.

खऱ्या नळकांड्यांवर काम करणारे कारागीर त्या गल्लीत आहेत. भाव मार्कांत लिहिलेला असतो, छापील पावती मिळते. घ्यायचंच असेल तर तिथे बसून, उलटं करून, आत बोट घालून घ्या. आणि विमानात नेता येईल का ते आधी विमान कंपनीला विचारा, दारूगोळ्याचा भाग म्हणून ते अडवू शकतात.

त्या घरी परत गेलो, कडी लावलेली होती. शेजारणीने हात हलवला आणि खिडकी लावून घेतली.

तिथून मार्कालेला गेलो. बाजार भरलेला होता, टोमॅटो, मिरच्या, चीज. मागच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत. त्याने सांगितलेलं भावाचं नाव मी एकेक ओळीवर बोट ठेवून शोधलं, मग ताईने शोधलं. ते तिथे नव्हतं.