नव्या मोटरहोममधले दोष: कुठला थांबू शकतो, कुठला नाही

नवं मोटरहोम घेऊन आता बरेच महिने झाले. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू गाडीत राहून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. गाडी कशी आहे असं कोणी विचारलं की माझं उत्तर दोन तुकड्यांत येतं. पुढचा भाग, म्हणजे इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग, याबद्दल काडीची तक्रार नाही. मागचा भाग, म्हणजे ज्यात आम्ही झोपतो, स्वयंपाक करतो, अंघोळ करतो, तो ताब्यात घेतल्यापासून दुरुस्तच होतोय.

यात तसं नवल नाही. चेसिस आणि केबिन एका मोठ्या वाहन कंपनीचं असतं, लाखांच्या संख्येत निघणारं. त्यावरचं घर दुसरी कंपनी बांधते, कमी संख्येत आणि बरंचसं हातानं. वर वजनाची तलवार लटकलेली. सामान-माणसांसकट एकूण 3500 किलोच्या मर्यादेत बसवायचं तर फर्निचरचं प्लाय हलकं आणि पातळ घ्यावं लागतं, आणि तशा प्लायमध्ये स्क्रूला पकडायला फारसं काही नसतं. घरातलं कपाट जागच्या जागी उभं असतं, इथलं कपाट खड्ड्यांतून ताशी ऐंशीनं जातं. एवढे पैसे मोजून हे असं कसं, हा राग खराच आहे, पण रागावून एकही बिजागरी बसत नाही. माझं मत असं झालंय की जो दोष रोज डोळ्यात खुपतो तो बहुतेक वेळा थांबू शकतो, आणि जो दिसतच नाही तो थांबत नाही.

खुपणाऱ्यांपासूनच सुरुवात करू. जेवणाच्या टेबलावरच्या लॉकरचं दार एका वळणावर निखळून खाली आलं. बिजागरीचे दोन्ही स्क्रू प्लायमधून सरळ उपटून निघाले होते, भोकांत नुसता भुसा. सर्व्हिस सेंटरनं त्याच भोकांत जाड स्क्रू पिळून दिले. ते पुढच्या प्रवासात ढिले झाले, कारण सैल भोकात जाड स्क्रू घातला की उरलेलं लाकूडही चिरडतं, आणि लांब घ्यावा तर टोक पलीकडून बाहेर येतं. शेवटी भोकं थोडी मोठी करून त्यात लाकडी खुंट्या सरसानं बसवल्या, रात्रभर वाळू दिल्या, मग बारीक ड्रिलनं नवं भोक पाडून मूळ मापाचेच स्क्रू हातानं आवळले. मशीननं नाही, हातानं. आता दार हलत नाही. उरलेल्या लॉकरनाही हेच केलं, कारण एक निघालं म्हणजे बाकीचीही रांगेत उभी असणार.

दरवाजे घासतात, ड्रॉवर आपोआप उघडतात, बाथरूमची कडी लागत नाही, या तक्रारी लिहिण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करून पाहा. एक चाक उंचावर असलं तरी बॉडीला पीळ बसतो आणि दारं अडतात. आमच्या यादीतल्या काही तक्रारी सपाट जमिनीवर आपोआप मिटल्या. बाकी खडखड, करकर वगैरे आहेच. भांड्यांच्या मध्ये कापड आणि पट्ट्यांना फेल्ट, एवढ्यावर त्याचा निकाल लावला. त्यासाठी गाडी वर्कशॉपला सोडणं मला पटत नाही. तिथे ती कामापेक्षा वाट बघण्यातच जास्त दिवस घालवते.

पाण्याचा पंप हा मधल्या वर्गातला दोष. रात्री सगळे नळ बंद असताना तो अधूनमधून क्षणभर गुरगुरायचा. डीलरकडचा मुलगा म्हणाला, नवा आहे, बसेल हळूहळू. पंप असा बसत नसतो. लाइनमधला दाब कमी झाला की प्रेशर स्विच त्याला चालू करतो, म्हणजे बंद नळांत दाब कमी होतोय तर पाणी कुठेतरी जातंय. (पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर पाणी उलट टाकीत जातं आणि लक्षण हेच दिसतं, तेही तपासा.) आम्ही प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला, रात्रभर ठेवला आणि सकाळी टॉर्च घेऊन एकेक पाहिला. पलंगाखाली, बॉयलरच्या मागे, जिथे हात जेमतेम पोचतो तिथला एक कागद ओला होता. पाइप फिटिंगमध्ये पूर्ण आत ढकललेलाच नव्हता. काम दोन मिनिटांचं, पण खालचं प्लाय तोवर काळं पडायला लागलं होतं.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर रिकामा आणि गाडीखाली ओलं दिसलं तर बहुधा ती सुरक्षा झडप असते. पुष्कळ बॉयलरना ती असते आणि तिच्या आसपासचं तापमान साधारण तीन अंशांवर आलं की ती आपोआप उघडते, नाहीतर आत बर्फ होऊन बॉयलर फुटेल. ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा.

आता खरा दोष, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पलंगाच्या गादीमागे, भिंतीवरचा कागद थोडा मऊ लागला. डाग नाही, वास नाही, थेंब नाही. अंगठ्यानं दाबलं की शेजारच्या भागापेक्षा जरा आत जायचा, इतकंच. ओल मोजायचं मीटर आणून लावलं तर त्या जागी तीस टक्क्यांच्या वर, हातभर अंतरावर बारा. या व्यवसायात सर्वसाधारण हिशेब असा: पंधरापर्यंत चिंता नाही, वीसच्या पुढे कारण शोधायचं, तीसच्या पुढे आतलं लाकूड खराब व्हायला लागलंय असं धरायचं. मीटरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, मागे धातूची पट्टी किंवा वायर असली तरी तो फुगतो. म्हणून एकाच भिंतीवर अनेक ठिकाणी मोजायचं आणि फरक पाहायचा. आम्ही भिंतीचा नकाशा काढून आकडे त्यावर लिहिले. चढत्या आकड्यांची रेघ वर छताकडे जात होती.

तिच्या टोकाला होता गाडीच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा मार्कर दिवा. तो उघडला तर वायरसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं, सीलंटचा ठिपका भोकाच्या शेजारी. कारागिरानं सीलंट लावलं होतं, फक्त चुकीच्या जागी. पावसात गाडी धावली की दिव्यामागे पाणी शिरायचं, आतल्या लाकडी पट्टीवरून खाली उतरायचं आणि चांगलं मीटरभर खाली येऊन थांबायचं. या भिंती बहुतेक सँडविच पॅनेलच्या असतात: बाहेर फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय, कडांना आणि खिडक्यांभोवती पट्ट्या. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. पट्टी कुजते, प्लाय फोमपासून सुटतं, आणि भिंत फुगलेली दिसेपर्यंत दुरुस्तीचा खर्च दारं-ड्रॉवरच्या हिशेबात बसत नाही.

मोह होतो सिलिकॉनची ट्यूब आणून भोक बुजवायचा. करू नका. सिलिकॉनवर पुढे काहीच नीट चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा, आणि नंतर काम करणाऱ्याला ते शेवटच्या कणापर्यंत खरवडावं लागतं. शिवाय तुम्ही हात लावला एवढं निमित्त कंपनीला वॉरंटी नाकारायला पुरतं. आम्ही फोटो काढले, आकडे लिहिले, दिव्यावर बाहेरून जलरोधक चिकटपट्टी लावली आणि त्याच दिवशी ईमेल केला. गाडी आत गेली, कोपरा आतून उघडला, दोन पट्ट्या बदलल्या, सगळं वाळवलं, दिवा ब्यूटाइल टेपवर (पाणी अडवणारी, मऊच राहणारी चिकट पट्टी) बसवला. परत आल्यावर मीटर पुन्हा लावलं. पहिल्या आठवड्यात आकडा विशीत होता, मग उतरत उतरत बाकीच्या भिंतीएवढा झाला. नव्या ओलीची भीती नसली तरी मोजणं सुरू ठेवलंय.

पाणीगळतीच्या वॉरंटीची अटही इथेच वाचून घ्या. ती वर्षानुवर्षांची असल्याचं ठळक अक्षरांत छापतात. बारीक अक्षरांत असं असतं की दरवर्षी ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी ओल तपासून पुस्तकात शिक्का घ्यायचा. एक तपासणी हुकली की पुढची सगळी वर्षं गेली.

दुसरा न थांबणारा दोष विजेचा. गाडीच्या मागच्या भागातल्या दिवे-पंपांची वेगळी बॅटरी भरत नव्हती. बॉडीवाले म्हणाले अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र) प्रश्न, चेसिसवाले म्हणाले मागच्या वायरिंगचा, चार्जर बनवणाऱ्याचं म्हणणं दोघांनाच विचारा. गाडीत किमान तीन वॉरंट्या असतात आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. ही टोलवाटोलवी थांबली ती आकड्यांनी. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विसावल्यावर 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.1 म्हणजे जेमतेम अर्धी. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, म्हणून मध्ये ते पुन्हा वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर असतो, आमच्यातही होता. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला: चार्जरच्या तोंडाशी 14.4, बॅटरीच्या टोकाशी 13.5. मधल्या दोन हात वायरीत जवळपास एक व्होल्ट गायब. फ्यूजजवळचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, नीट दाबलेलाच नव्हता आणि त्याचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. म्हणजे तो व्होल्ट उष्णता होऊन तिथेच जिरत होता, पलंगाखाली, लाकडाच्या पेटीत. हा फोटो पाठवल्यावर बॉडी कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी हजर. गॅसच्या बाबतीत तर स्वतः काही उघडूच नका. वास आला तर सिलिंडर बंद, दारं उघडी आणि सरळ परवानाधारक माणूस.

डीलरशी वागण्याबद्दल थोडं. फोनवर कबूल झालेलं काहीही जॉब कार्डवर येत नाही, म्हणून सगळं लेखी. प्रत्येक दोषाला क्रमांक, फोटो, आणि तो कसा दिसेल याचं एक वाक्य. 'पंप आवाज करतो' असं लिहिलं की शेरा येतो 'तपासला, ठीक आहे'. त्याऐवजी 'सर्व नळ बंद, रात्री पंप आपोआप चालू होतो, बॉयलरमागचा जोड ओला' असं लिहिलं तर पळवाट उरत नाही. गाडीतही प्रत्येक दोषाच्या जागी क्रमांक लिहिलेला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून दिला. परत घेताना कळतं: टेप जशीच्या तशी आणि कागदावर 'काम पूर्ण' असेल, तर चावी न घेता तिथेच खुर्ची टाकून बसायचं. आवाज चढवायची गरज पडली नाही, टेपकडे बोट दाखवलं की पुरे व्हायचं. किरकोळ कामं साठवून एकदम द्या, ओल आणि वीज मात्र साठवू नका.

नवी गाडी घेणाऱ्यांनी ताबा घेतल्यावर पहिल्या काही रात्री डीलरच्या जवळपासच काढाव्यात आणि सगळं वापरावं: टाकी पूर्ण भरून, सगळे बर्नर, हीटर, शॉवर, प्रत्येक दिवा. आणि वजनकाट्यावर न्यावी. माहितीपत्रकातल्या वजनात युरोपीय नियमांनुसार चालक 75 किलोचा धरलेला असतो आणि प्रत्यक्ष वजनात पाच टक्के कमी-जास्त चालतं. तीन टनांच्या गाडीला ते दीडशे किलो झाले. आमची काट्यावर जड निघाली, तरी मर्यादेत आहे, फक्त आता पाण्याची टाकी अर्धीच भरून निघतो.

सध्या यादीत एकच मोठी गोष्ट उरलीय, शॉवरचा ट्रे. उभं राहिलं की मधोमध दबायचा, आता ड्रेनच्या कडेला केसाएवढा तडा गेलाय. ट्रेखाली आधारच दिलेला नाही. कंपनीनं नवा ट्रे मंजूर केलाय, पण खाली आधार भरल्याशिवाय नुसता ट्रे बदलला तर तोही तडकणार, म्हणून ते जॉब कार्डवर लिहून द्यायला सांगितलंय. अजून लिहून आलेलं नाही. तोवर तड्यावर टेप आहे आणि अंघोळ मागच्या दारातल्या बाहेरच्या शॉवरवर चालू आहे.