१३३३ आणि १६०० ची रॅम एकत्र लावून आठ महिने झाले

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर भलतंच लिहिलं असतं, म्हणून थांबलो होतो.

मशीन जुनं, आय थ्री २१०० प्रोसेसर आणि एच ६१ चा मदरबोर्ड, रॅमचे स्लॉट दोनच. एकात २ जीबीची डीडीआर थ्री (रॅमची एक जुनी पिढी) १३३३ स्पीडची होती, ब्राउझरचे चार टॅब उघडले की हार्डडिस्क जी खरखर सुरू करायची ती थांबायचीच नाही. ४ जीबीची १६०० वाली एक पडून होती, ती शेजारी लावली. सगळे म्हणत होते स्पीड वेगळा असेल तर चालत नाही, बोर्ड जळतो. जळत बिळत काही नाही. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारकी चिप असते, कुठल्या स्पीडला कुठलं टायमिंग (किती थांबून उत्तर द्यायचं) ते त्यात लिहिलेलं असतं, बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम, दोन्ही वाचतो आणि दोघींना झेपेल तो स्पीड लावतो. १६०० वाली निमूट १३३३ वर आली. तसंही हा प्रोसेसर अधिकृतपणे १३३३ च्या वर जातच नाही, मग गमावलं काय? (सीपीयू झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ६६५ दिसलं तर घाबरू नका, त्याची दुप्पट करायची.)

२ आणि ४ अशी जोडी असल्यामुळे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) अर्धवटच, २ अधिक २ जोडीने चालतात आणि उरलेले २ एकटे. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला ते खटकेल कारण ते रॅममधूनच खातं, मला काही जाणवलं नाही. हां, विंडोज ३२ बिटची होती त्यामुळे ६ जीबी लावूनही वापरायला साडेतीनच्या आत, ६४ बिट टाकण्यात एक रविवार गेला.

तिसऱ्या महिन्यात ब्लू स्क्रीन (विंडोज अचानक निळा पडदा दाखवून बंद पडते ते) यायला लागल्या. मी पण म्हटलं, झालं, मिक्सिंगचंच पाप. १६०० वाली काढली, दोन दिवस शांतता आणि परत ब्लू स्क्रीन! मग मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, एकेक स्टिक एकटी, रात्रभर. १६०० वाली स्वच्छ निघाली. जुनी १३३३ पहिल्या फेरीला पास, तिसऱ्या फेरीला चुकांच्या लाल ओळीच ओळी. खोडरबराने पिना घासल्या, स्लॉट बदलला, तरी तेच. म्हणजे इतके दिवस जिला बिनबोभाट समजत होतो तीच मेलेली, आणि शिव्या खात होती दुसरी.

आता तिच्या जागी दुसऱ्या एका जुन्या मशीनमधली ४ जीबीची १३३३ आहे, लावायच्या आधी तिलाही रात्रभर टेस्टला बसवलं. पाच महिन्यात एकही ब्लू स्क्रीन नाही.

स्पीडपेक्षा व्होल्टेज बघा. १.३५ व्होल्टची डीडीआर थ्री एल जुन्या १.५ च्या बोर्डात चालते, पण फक्त १.३५ देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी १.५ वाली लावली तर बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहते, तिथे स्पीड जुळला काय नि नाही काय.