शस्त्रक्रिया उत्तम, पुढची सोबत अपुरी : बॅरिॲट्रिक सेवेचा अडीच वर्षांनंतरचा अनुभव

अडीच वर्षांपूर्वी पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात मी वजन कमी करण्याची (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रिया करून घेतली. या सेवेबद्दलचे बहुतेक अभिप्राय पहिल्या तीन-चार महिन्यांत लिहिलेले असतात. त्या काळात वजनकाट्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली येत असतो आणि रुग्ण कृतज्ञतेने भारावलेला असतो. मीही तेव्हा लिहिले असते, तर पूर्ण गुण दिले असते. पण या शस्त्रक्रियेचे अनेक परिणाम वर्ष उलटल्यावरच कळतात, म्हणून मी मुद्दाम थांबले. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण मला जाणवलेली मुख्य उणीव, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या मनाकडे होणारे दुर्लक्ष, इतर शहरांत हीच शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या ओळखीच्या दोघींनीही सांगितली आहे. निर्णय घेऊ पाहणाऱ्यांनी ती आपापल्या रुग्णालयात तपासून घ्यावी, एवढाच हेतू आहे.

मी साताऱ्याला बँकेत नोकरी करते. शस्त्रक्रियेच्या वेळी माझे वय ४४ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ११२ किलो होते, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४५च्या वर होता. आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, रात्री श्वास अडकत असल्यामुळे तोंडावर सीपॅप यंत्राचा मास्क आणि दोन्ही गुडघ्यांत सतत दुखणे, अशी माझी अवस्था होती. तोवर तीन आहारतज्ज्ञ, एक व्यायामशाळा आणि असंख्य सोमवारचे संकल्प झाले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरात बारा किलो परत येत.

शल्यचिकित्सकांबद्दल मला केवळ आदर आहे. पहिल्या भेटीत त्यांनी कागदावर जठराचे चित्र काढून स्लीव्ह आणि बायपास यांतला फरक समजावून सांगितला. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक राहते. बायपासमध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेहासाठी बायपास अधिक प्रभावी मानला जातो, पण त्यात पोषणद्रव्यांची कमतरता अधिक जाणवते. माझ्या एंडोस्कोपीत ॲसिडिटीचा त्रास दिसला नाही आणि रक्तात लोह आधीच कमी होते, म्हणून त्यांनी स्लीव्ह सुचवले. स्लीव्हनंतर छातीतली जळजळ नव्याने सुरू होऊ शकते आणि कापलेला भाग परत मिळत नाही, हेही त्यांनी मी न विचारता सांगितले. ज्या डॉक्टरांना तोटे आधी सांगावेसे वाटतात, त्यांच्या हाती स्वतःला सोपवणे सोपे जाते.

विम्याबाबत एक गोष्ट आवर्जून लिहिते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे निकष १९९१मध्ये अमेरिकेत ठरले : बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार. २०२२मध्ये या विषयातील एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने ते सैल केले आणि आशियाई लोकांसाठी २७.५च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे म्हटले. आपल्याकडील विमा नियमांच्या ठरावीक शब्दांत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. माझा आकडा ४५ असल्यामुळे मला कॅशलेस मंजुरी मिळाली, तीही टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या) दोन शंकांना उत्तरे देऊन आणि तीन आठवडे थांबून. ज्यांचा आकडा ३३ किंवा ३४ आहे, त्यांनी डॉक्टरांचा होकार म्हणजे विम्याचा होकार असे समजू नये.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे कमी उष्मांकाचा, जवळजवळ द्रवरूप आहार घ्यायचा होता. त्यामुळे यकृत आकसते आणि दुर्बिणीतून काम करणे सोपे जाते. पोटावर पाच छोटी छिद्रे, तीन दिवसांचा मुक्काम आणि शुद्धीवर आल्यावर त्याच संध्याकाळी हाताला धरून चालायला लावणाऱ्या सिस्टर, हे सारे चोख होते. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र माझ्याकडून दर तासाला करून घेणाऱ्या त्या सिस्टरचा आवाज मला अजून आठवतो. वेदना अपेक्षेपेक्षा कमी होत्या. तहान मात्र फार लागायची, आणि औषधाच्या टोपणाएवढे पाणी घोट-घोट घेताना ती भागत नसे.

आहारविभागाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. डिस्चार्जच्या फाइलमध्ये मिळालेला छापील तक्ता इंग्रजीत होता आणि त्यात ब्रोकोलीचे सूप, टोफू आणि ग्रीक योगर्ट होते. साताऱ्याच्या बाजारात हे शोधत कोण फिरणार? परंतु आहारतज्ज्ञ बाईंनी तो तक्ता बाजूला ठेवून मला विचारले, "तुमच्याकडे रोज काय शिजतं, ते सांगा." मी भाकरी, मटकीची उसळ, पिठलं, वरण-भात अशी यादी सांगितली आणि त्यांनी त्याच यादीतून माझे पुढचे दोन महिने बसवले. पहिले दोन आठवडे वरणाचे पाणी, गाळलेले ताक, नारळपाणी आणि प्रोटीन पावडर. नंतर मिक्सरमधून काढलेले मुगाचे वरण, मग मऊ पनीर, अंड्याचा पांढरा भाग, पातळ पिठलं. महिन्याभराने वाफवलेला मासा आणि मुगाचे धिरडे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही आणि प्रत्येक घास चावून त्याची पेज होईपर्यंत गिळायचा नाही. भात घशाखाली जाऊन फुगतो आणि छातीत दगड ठेवल्यासारखे वाटते, हे मी नियम मोडून शिकले. पिठल्याने मला तारले, असे मी कुणालाही सांगेन.

शरीराचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. चौदा महिन्यांत वजन ७४ किलोवर आले. सहाव्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडा ८.४ वरून ५.८ टक्के झाला आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की मधुमेह मागे हटला आहे, बरा झालेला नाही. आणि गेल्या वर्षी एक गोळी परत सुरू झाली तेव्हा मी निराश झाले नाही, ती त्या बजावण्यामुळेच. झोपेच्या तपासणीनंतर सीपॅप यंत्र माळ्यावर गेले. बँकेचा जिना मी आता न थांबता चढते.

त्याच शरीराने किंमतही घेतली. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. वेगाने वजन उतरल्यावर असे होते आणि काही महिन्यांनी केस परत येतात, हे आधी सांगितलेले असूनही न्हाणीघराच्या जाळीवरचा तो गोळा पाहून मी घाबरले. ते परत आले, पण पूर्वीइतके दाट नाहीत. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आता आयुष्यभरासाठी आहे. गुडघ्यांसाठी पूर्वी सहज घ्यायचे त्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, कारण त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. पोटावर आणि दंडांवर लोंबणारी त्वचा राहिली आहे. पावसाळ्यात तिच्या घड्यांखाली पुरळ उठते. ती काढण्याची शस्त्रक्रिया विमा सौंदर्यासाठीची समजतो, आणि पॅकेजच्या माहितीपत्रकात या त्वचेबद्दल एक ओळही नव्हती. तिथे फक्त आधीची आणि नंतरची छायाचित्रे होती, दोन्ही पूर्ण कपड्यांतली.

मनाबद्दल माहितीपत्रकात काहीच नव्हते, आणि या अभिप्रायातला माझा खरा आक्षेप तोच आहे.

जठराचा जो वरचा भाग काढतात, तिथे भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्यामुळे पहिले काही महिने मला भूक जवळजवळ लागलीच नाही. सुरुवातीला ही सुटका वाटली. चाळीस वर्षे डोक्यात चालू असलेला एक आवाज बंद झाला होता. नंतर लक्षात आले की त्या आवाजाबरोबर माझा एक आधारही गेला होता. वडील वारले त्या वर्षी मी रात्री स्वयंपाकघरात उभी राहून खात असे; ऑफिसात अपमान झाला की घरी येताना कंदी पेढ्यांचा पाव किलोचा पुडा घेत असे. आता दुःख पूर्वीइतकेच होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. आठव्या महिन्यात, वजन अजून उतरत असताना आणि सगळे माझे अभिनंदन करत असताना, मी कित्येक संध्याकाळी दिवा न लावता बसून राहायचे.

आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते, त्यामुळे माझे बदललेले जेवण हा केवळ माझा प्रश्न राहिला नाही. सासूबाई पहिल्या संक्रांतीला गूळपोळीचा चतकोर माझ्या ताटात ठेवून म्हणाल्या, "एवढ्यावर जीव कसा राहील गं तुझा?" आणि मी तो परत केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. माझ्या पतींनी एकदा फार शांतपणे सांगितले, "तू बरी झालीस याचा आनंद आहे. पण आपण दोघं मिळून जेवायचो, ते राहिलं नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. पंचवीस वर्षांच्या संसारातले आमचे निम्मे बोलणे जेवताना व्हायचे. आता मी माझी वाटी घेऊन त्यांचे जेवण होईपर्यंत बसते. मला त्या वाटीला चाळीस मिनिटे लागतात, त्यामुळे वेळ बरोबर जुळतो. हे आम्हाला आमचे आम्ही शोधावे लागले.

बाहेरच्या जगाचे वागणे बदलले, आणि तेही मला जड गेले. पूर्वी काउंटरवर माझ्याशी तुसडेपणाने बोलणारे ग्राहक आता हसून बोलतात. हळदीकुंकवाला बायका "किती छान दिसतेस!" म्हणतात, तेव्हा आनंदाबरोबर एक राग येतो, कारण ११२ किलोची मी हीच होते, तितकीच मेहनती आणि तितकीच प्रेमळ. काही जणींनी हळूच "कसला आजार तर नाही ना?" असे विचारले, तर ज्यांना शस्त्रक्रियेचे कळले त्यांनी "शॉर्टकट घेतलास" असे ऐकवले. आरशाशी अजूनही पुरते जुळलेले नाही. एसटीच्या दारातून मी आजही तिरकी होऊन शिरते. शिंप्याकडे चार वेळा ब्लाउज आत घेऊन झाले, तरी दुकानात गेले की हात सर्वांत मोठ्या मापाकडे जातो.

शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली होती. ती वीस मिनिटांची होती. एक प्रश्नावली भरून घेतली, व्यसन आहे का विचारले आणि योग्यतेच्या दाखल्यावर सही झाली. शस्त्रक्रियेनंतर अशी एकही भेट पॅकेजमध्ये नव्हती. आठव्या महिन्यात मी रुग्णालयात फोन करून माझी अवस्था सांगितली, तेव्हा तिथल्या समन्वयकांनी नम्रपणे वजन विचारले, ते ऐकून "फारच छान" म्हटले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत ना याची खात्री केली. ही शस्त्रक्रिया दीर्घकाळात आयुष्य वाढवते, हे १९८७मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसले आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण काही रुग्णांमध्ये नंतर मद्याचे व्यसन आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण वाढते, हेही वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत नोंदले गेले आहे. विभागाला हे ठाऊक असणारच. असे असताना लोह आणि बी-१२ची तपासणी दर सहा महिन्यांनी होते आणि मनाची एकदाही होत नाही, हे मला समजत नाही.

शेवटी मी साताऱ्यातच एका समुपदेशक बाईंकडे स्वखर्चाने गेले. अकरा भेटींत त्यांनी मला भूक आणि एकटेपणा यांतला फरक ओळखायला शिकवले. त्या नसत्या तर माझे काय झाले असते, याचा विचार मी करत नाही.

सध्या माझे वजन ७८ किलो आहे. चार किलो परत आले ते जेवणातून नव्हे, तर येता-जाता तोंडात टाकण्यातून. चिवडा, बिस्किटे आणि शंकरपाळी लहान जठरातून विनासायास उतरतात; भाकरी आणि उसळ उतरत नाही. हा सापळा आहारतज्ज्ञांनी वर्षाच्या भेटीत नेमका पकडला. २०२५पासून वजन कमी करणारी साप्ताहिक इंजेक्शने भारतात मिळू लागल्यावर अनेक जण मला विचारतात की आज मी काय निवडले असते. माझे वजन आणि माझा मधुमेह पाहता मी बहुधा शस्त्रक्रियाच निवडली असती.

शल्यचिकित्सक, सिस्टर आणि आहारतज्ज्ञ यांना मी पूर्ण गुण देते. माहितीपत्रकाला आणि डिस्चार्जनंतरच्या पाठपुराव्याला पाचपैकी दोन. या रुग्णालयात जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी पहिल्या दोन वर्षांत समुपदेशनाच्या किती भेटी मिळतील ते लेखी मागावे, त्वचेच्या खर्चाचा अंदाज विचारावा आणि आहाराचा तक्ता मराठीत मागून घ्यावा. मार्चमध्ये मी व्यवस्थापनाला चार पानी पत्र लिहिले. मराठी तक्ता पुढच्याच महिन्यात तयार झाला. पिठलं त्यात तिसऱ्या आठवड्यात आहे. समुपदेशनाबद्दल "विचाराधीन" असे उत्तर आले आहे. पुढची तपासणी डिसेंबरात आहे, तेव्हा मी पुन्हा विचारणार आहे.